खानेसुमारीचा रिकामा रकाना

आमच्या असोदे गावाचे नाव महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांत ज्यांच्यामुळे पोहोचले, त्या बहिणाबाई चौधरी यांचा जन्म २४ ऑगस्ट १८८० रोजी येथील महाजनांच्या घरी झाला. त्यांना सहा महिने पुरे व्हावयाचे होते, तोच १७ फेब्रुवारी १८८१ च्या रात्री हिंदुस्थानच्या बहुतेक मुलखात एकाच वेळी शिरगणती झाली. तत्पूर्वी १८७२ मध्येही मोजणी झाली होती, परंतु ती सर्वत्र एका वेळी झाली नव्हती. म्हणून १८८१ ची हीच पहिली रीतसर खानेसुमारी मानतात. त्या पत्रकात खानदेशातील घराघरांतील माणूस नाव, वय, धर्म, जात, मातृभाषा, जन्मस्थान, धंदा अशा रकान्यांतून उतरला. अखेरीस एक निराळाच प्रश्न होता. घरात कोणी वेडा, जन्मतः मुका-बहिरा, दोन्ही डोळ्यांनी आंधळा किंवा महारोगी आहे काय?

ह्या एका रकान्याची सुमारे दीडशे वर्षांची हकीकत समाजबंधुभगिनींपुढे ठेवावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. मी काही इतिहाससंशोधक नव्हे. मॅट्रिक होऊन, अध्यापनाची पदविका घेऊन चाळीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळांतून मुले शिकविली, आणि त्या नोकरीच्या ओघात चार जनगणनांत प्रगणकाची पिशवी खांद्याला अडकवून दारोदार हिंडलो. त्यामुळे ह्या रकान्याशी माझा परिचय ग्रंथांतला कमी आणि उंबरठ्यावरचा अधिक आहे. त्यात माझ्या हातून घडलेली एक चूकही आहे. ती यथास्थळी सांगेन.

चार रकान्यांतील माणसे

इंग्रज सरकारने हा प्रश्न केवळ भूतदयेपोटी विचारला, असे समजण्याचे कारण नाही. १८९८ साली महारोग्यांविषयी कायदा झाला. त्याने भीक मागत फिरणाऱ्या निराधार रोग्यास धरून आश्रमात ठेवण्याचा अधिकार सरकारला दिला. १९१२ साली वेड्यांच्या इस्पितळांविषयीचा कायदा झाला. ज्या काळी सरकार-दरबारी नाव गेले की आधार मिळण्याऐवजी उचलबांगडीची धास्तीच अधिक, त्या काळी घरच्यांनी ही नावे दडविली तर नवल ते काय? खुद्द खानेसुमारीचे अधिकारीच आपल्या अहवालांतून तक्रार करीत की, ह्या रकान्याची माहिती लोक लपवितात, आणि स्त्रियांच्या बाबतीत तर विशेषच लपवितात.

शिवाय प्रश्नाचे कुंपण फार अरुंद होते. एकाच डोळ्याने आंधळा असेल तर लिहू नये, पांढरे कोड असेल तर महारोगी म्हणून लिहू नये, म्हातारपणी कान गेले असतील तर बहिरा म्हणून लिहू नये, अशा सूचना असत. आकड्यांचीही मोठी मौज आहे. १८८१ साली देशात सुमारे सव्वापाच लाख आंधळे मोजले गेले. १९०१ साली ते सुमारे साडेतीन लाखच भरले. वीस वर्षांत पावणेदोन लाख आंधळ्यांस काय दृष्टी आली? त्याची कारणे दोन. एक म्हणजे पत्रकांवरून तक्ते तयार करताना बऱ्याच नोंदी गळाल्या. दुसरे कारण अधिक कठोर आहे. मधल्या काळात १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भयंकर दुष्काळ पडले. दुष्काळात घरातून आधी कोण जातो? ज्याला दुसऱ्याच्या हातून घास घ्यावा लागतो, तो. उणे झालेल्या आकड्यात अशी कित्येक माणसे आहेत. परंतु आकडा एकट्याने हे बोलत नाही, त्याला विचारावे लागते.

आता पुन्हा बहिणाबाईंकडे वळू. तेराव्या वर्षी लग्न होऊन त्या जळगावी नांदावयास गेल्या. ऐन उमेदीत वैधव्य आले. ओंकार, सोपान आणि काशी ही त्यांची तीन अपत्ये. ह्यांतील ओंकारला प्लेगामुळे कायमचे अपंगत्व आले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. सोपानदेव पुढे कवी म्हणून प्रसिद्धीस आले, म्हणून त्यांचे नाव सर्वांस ठाऊक. ओंकारचे नाव आपल्यापैकी कितीजणांस ठाऊक आहे? आणि येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, १९११, १९२१ आणि १९३१ ह्या तिन्ही खानेसुमाऱ्यांत तेच चार रकाने कायम होते. प्लेगाने किंवा अन्य आजाराने कोणी हातापायांनी अधू झाला, परंतु तो आंधळा, मुका-बहिरा, वेडा वा महारोगी नसला, तर सरकारच्या लेखी तो धडधाकटच होता. शेतकऱ्याच्या घरी हातपाय गेले म्हणजे काय होते, हे आपणांस सांगावयास नको. पण त्यासाठी रकानाच नव्हता.

दोन रकाने गळाले

१९३१ च्या खानेसुमारीत देशभर सुमारे सहा लाख आंधळे आणि सुमारे सव्वादोन लाखांवर मुके-बहिरे नोंदले गेले. त्यानंतर मात्र हा प्रश्नच पत्रकातून नाहीसा झाला. १९४१ ची मोजणी युद्धाच्या धामधुमीत आटोपती घेण्यात आली, आणि ‘ही माहिती भरवशाची नसते’ ह्या कारणाने व्यंगाचा रकाना गळाला. स्वातंत्र्यानंतर १९५१, १९६१ आणि १९७१ ह्या तिन्ही जनगणनांत तो परत आला नाही.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. १९३१ हेच सर्व जातींची संपूर्ण गणना प्रसिद्ध झाल्याचे शेवटचे वर्ष होय. म्हणजे एकाच साली दोन रकाने मावळले. एक जातीचा आणि दुसरा व्यंगाचा. पहिल्या रकान्याविषयी आपण सर्वांनी सभा-संमेलनांतून किती बोललो, किती ठराव केले! आपला समाज किती, तो कोठे कोठे पसरला, त्याचे शिक्षण किती, हे कळावे म्हणून कार्यकर्त्यांनी गावोगाव पायपीट केली. परंतु दुसऱ्या रकान्याची आठवण आपल्या एकाही ठरावात मला आढळली नाही. आपली संख्या कळावी असे आपणांस वाटते, मात्र त्या संख्येतील काही माणसे कळू नयेत असेही वाटते. हा विसंगतपणा आहे.

१९८० सालची माझी नोंद

संयुक्त राष्ट्रांनी १९८१ हे आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष म्हणून जाहीर केले. त्या निमित्ताने पन्नास वर्षांनी हा प्रश्न परत आला. तो मुख्य पत्रकात नव्हता. आदल्या वर्षी जी घरयादी करतात, तीत होता. कुटुंबात पूर्णतः आंधळे किती, पूर्णतः पंगू किती आणि पूर्णतः मुके किती, एवढेच विचारावयाचे होते. मी नुकताच नोकरीस लागलेला. असोद्याच्या पंचक्रोशीतील एका खेड्यात माझी नेमणूक होती.

एका घरी ओसरीवर पाच-सहा वर्षांचा मुलगा चिंचोक्यांशी खेळत होता. मी दोनदा हाक मारली. त्याने मान वर केली नाही. पायरीवर काठी आपटली, तेव्हा जमिनीचा हादरा लागून त्याने पाहिले आणि तो हसला. मी काय ते समजलो. घरातील आजीबाई बाहेर आल्या. मी प्रश्न वाचताच त्यांनी पदर सावरला आणि हळूच म्हणाल्या, “गुरुजी, त्याचं लिहू नका. मोठ्या पोरीचं लगन व्हायचं हाये.” मी म्हणालो, “आजी, हे सरकारी काम आहे. कोणाला दाखवीत नाहीत.” त्या म्हणाल्या, “कधीमधी माय म्हनतो तो. मुका नाही.”

पत्रकावर ‘पूर्णतः’ हा शब्द होता. मी त्याचा आधार घेतला. मूल ‘माय’ म्हणते, म्हणजे ते पूर्णतः मुके नव्हे, अशी मनाची समजूत घालून मी रकान्यात शून्य मांडले, चहा घेतला आणि पुढच्या घरी गेलो. जूनमध्ये शाळा उघडली. पहिलीत घालावयाच्या मुलांची यादी करीत मी त्याच घरी गेलो, तेव्हा माझीच नोंद मला आड आली. ज्या घरी तसे कोणी नाही असे मी लिहून दिले होते, तेथे आता कोणत्या तोंडाने विचारणार? त्याचे नाव आमच्या दाखल-खारीज रजिस्टरात कधीच चढले नाही. पुढे माझी बदली झाली.

त्या गणनेचे आकडे बाहेर पडले. संबंध देशात ४,७८,६५७ अंध, ३,६३,६०० पंगू आणि २,७६,६९१ मुके, एकूण ११,१८,९४८. त्याच १९८१ साली राष्ट्रीय नमुना पाहणीनेही अपंगांची माहिती गोळा केली. तिच्या प्रगणकांनी ‘पूर्णतः’ हा शब्द बाजूस ठेवून अडचण कमी आहे की अधिक, असे खोलात जाऊन विचारले, आणि श्रवणदोषही मोजला. तिचा अंदाज सुमारे १ कोटी २० लाखांचा आला. देश तोच, वर्ष तेच, आणि आकडे एकास दहा! कोणी खोटे बोलले म्हणून हे झाले असे नव्हे. प्रश्न जसा, तसे उत्तर. परंतु त्या अकरा लाखांत एक मुलगा कमी होता, त्याचे कारण मात्र प्रश्न नव्हता. ते कारण मी होतो.

प्रश्न बदलला म्हणजे उत्तर बदलते

१९९१ च्या जनगणनेत हा प्रश्न पुन्हा वगळला गेला. १९९५ साली अपंग व्यक्तींसाठी पहिला व्यापक कायदा झाला. त्याने सात प्रकारचे अपंगत्व मानले आणि सरकारी नोकऱ्यांत ३ टक्के जागा राखल्या. पण ज्यांच्यासाठी राखल्या ते किती आणि कोठे, हे सांगणारी मोजणीच नव्हती. तेव्हा जावेद आबिदी प्रभृती कार्यकर्त्यांनी दिल्लीत आग्रह धरला, आंदोलने केली, आणि २००१ च्या पत्रकात पाच प्रकारांसह हा प्रश्न आला. देशात २ कोटी १९ लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या. २०११ साली प्रकार आठ झाले, प्रश्न पत्रकात वर आला, आणि प्रत्येक व्यक्तीबाबत तो विचारावा अशी सक्त सूचना आम्हा प्रगणकांस मिळाली. आकडा २ कोटी ६८ लाखांवर गेला. आपल्या महाराष्ट्रात २००१ साली सुमारे १५ लाख ७० हजार होते, ते २०११ साली सुमारे २९ लाख ६३ हजार झाले. दहा वर्षांत काही अपंगत्व दुप्पट झाले नाही; विचारणे सुधारले.

फेब्रुवारी २००१ मध्ये योगायोगाने तेच खेडे माझ्या वाट्यास आले. आजीबाई निवर्तल्या होत्या. मुलाची आई पुढे आली. मी प्रश्न वाचण्याआधीच ती म्हणाली, “आता लिहा, गुरुजी. पोरीचं लगन झालं, तिची लेकरं मोठी झाली. याचं काय ते लिहा.” तो आता पंचविशीच्या पुढचा जवान, केळीच्या बागेत काम करी, घड मोजी ते बोटांवर, शाळेचे तोंड पाहिलेले नाही. मी लिहीत असता तो जवळ येऊन बसला आणि पत्रकावर बोट टेकून आईकडे पाहू लागला. आई म्हणाली, “त्याचं नाव कुठे आहे, ते इचारतोय.” मी ओळ दाखविली. ती अक्षरे तो कितीतरी वेळ पाहत राहिला. इतक्या वर्षांच्या मास्तरकीत कोणत्याही विद्यार्थ्याने मला इतके लाजविले नाही.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण पुष्कळांचा त्यात घोटाळा होतो. जनगणनेतील व्यक्तिगत माहिती १९४८ च्या कायद्याने गुप्त राहते; ती कोणास दाखविता येत नाही, आणि तिच्यावरून कोणा एकास लाभही मिळत नाही. तिचा उपयोग सर्वांची मिळून तरतूद करण्यास होतो; शाळा किती, शिक्षक किती, निधी किती, हे तिच्यावरून ठरावे अशी अपेक्षा असते. ज्याचा त्याचा लाभ मिळण्यास वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. म्हणून त्या तरुणास घेऊन मी जळगावी गेलो. तपासणी झाली, प्रमाणपत्र मिळाले. संजय गांधी निराधार अनुदान योजना राज्यात १९८० सालीच सुरू झाली होती, हे तेव्हा ध्यानात आले आणि मन खंतावले. कागद उशिरा मिळाला तरी चालतो. शाळेचे वय मात्र परत मिळत नाही.

जगात ह्या विषयाचा विचार बराच पुढे गेला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या संख्याशास्त्र आयोगाच्या आश्रयाने २००१ साली स्थापन झालेल्या तज्ज्ञांच्या गटाने सहा साधे प्रश्न तयार केले. चष्मा लावूनही पाहण्यास अडचण होते काय? श्रवणयंत्र लावूनही ऐकण्यास? चालण्यास वा पायऱ्या चढण्यास? आठवण ठेवण्यास वा चित्त एकाग्र करण्यास? अंघोळ करण्यास, कपडे घालण्यास? आपले म्हणणे दुसऱ्यास समजावून देण्यास? उत्तरे चार : मुळीच नाही, थोडी, पुष्कळ, किंवा ते करताच येत नाही. ह्यातील मर्म असे की, त्यात ‘आंधळा’, ‘मुका’ हे शब्दच नाहीत. “आजी, तुम्ही आंधळ्या आहात काय?” असे विचारले तर कोणतीही आजी रागावेल, “दिवेलागणीला उंबरठा दिसण्यास अडचण होते काय?” असे विचारले तर ती डोळ्यांची सगळी हकीकत सांगेल. माणसावर शिक्का न मारता त्याची अडचण विचारली म्हणजे घरचे दार उघडते. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज असा की, जगातील सुमारे १६ टक्के लोकांना लक्षणीय स्वरूपाचे अपंगत्व आहे. आपल्या देशात २०११ ची गणना सांगते २.२१ टक्के, आणि २०१८ ची नमुना पाहणी सांगते २.२. ह्या दोन आकड्यांमधील अंतर बहुतांशी प्रश्नाच्या शब्दांचे आहे. त्याच पाहणीत असेही दिसले की, शंभर अपंग व्यक्तींपैकी सुमारे एकोणतीस जणांजवळच प्रमाणपत्र होते.

आपली स्वतःची यादी

२०१६ चा नवा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. अपंगत्वाचे प्रकार सातांचे एकवीस झाले. खानदेशच्या सातपुडा पट्ट्यात आढळणारा सिकलसेल हा रक्ताचा आजारही त्यांत आला. राखीव जागा ४ टक्के झाल्या. देशभर चालणारे एकच ओळखपत्र सुरू झाले. ग्रामपंचायतींनी आपल्या उत्पन्नाचा ५ टक्के भाग दिव्यांगांसाठी खर्च करावा, असा आपल्या राज्यात आदेश आहे, आणि डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभागही झाला. जळगावात दीपस्तंभचे मनोबल केंद्र दिव्यांग विद्यार्थ्यांस ठेवून घेऊन शिकविते. तात्पर्य, १९८० साली जी दारे बंद होती त्यांतील पुष्कळशी आज किलकिली तरी झाली आहेत. परंतु ग्रामपंचायतीचा तो पाचवा टक्का कोणाच्या नावे खर्च करावयाचा, हे गावच्या यादीवरून ठरते; आणि यादीत नाव घालणे हे आपल्या हाती आहे.

आपल्या मंडळाच्या कुटुंबसूचीच्या कामात मी काही वर्षे हात लाविला आहे. मूळ गाव, शिक्षण, व्यवसाय, विवाहयोग्य मुले-मुली, दूरध्वनी, असे सर्व रकाने तीत आहेत. ही सूची मी एकदा ह्या दृष्टीने पानोपानी चाळली, आणि तीत एकही अपंग व्यक्ती नाही असे आढळले. इतका निर्दोष समाज पृथ्वीच्या पाठीवर कोठे नसेल! खरे कारण आपण सर्व जाणतो. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ असे म्हणत आपण सोयरिकीच्या भीतीने मूठ मिटून घेतो. आणि त्या मुठीत आपलेच एखादे लेकरू गुदमरत असते. सोयरिकीच्या वेळी लपविलेली गोष्ट लग्नानंतर कळतेच, आणि तेव्हा दोन घरे दुखावतात, हेही आपण पाहिलेले आहे.

म्हणून माझी नम्र सूचना अशी की, पुढील कुटुंबसूचीच्या वेळी मंडळाने ही माहिती गोळा करावी, पण विचारपूर्वक. ती वधूवर-सूचीत छापू नये. सज्ञान व्यक्तीची माहिती तिच्या संमतीने आणि शक्यतो तिच्याच तोंडून घ्यावी. घरच्या वडीलधाऱ्यांनी तिच्या वतीने ‘नाही’ म्हणू नये. शिक्का मारणारे शब्द टाळून अडचण विचारावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, जी माहिती घेतली तिचे काम करावे. कोणास प्रमाणपत्र नाही, कोणते मूल शाळेत नाही, कोणास श्रवणयंत्र वा तीनचाकी हवी, कोणास शिष्यवृत्ती द्यावी, हे पाहणारी तीन-चार माणसांची समिती असावी. उपयोग न करता नुसती माहिती जमविणे म्हणजे लोकांच्या दुःखाची चावडीवर वाचणी करणे होय.

२०२१ ची जनगणना साथीच्या रोगामुळे होऊ शकली नाही. १६ जून २०२५ रोजी पुढील जनगणनेची अधिसूचना निघाली. १ मार्च २०२७ ही तिची संदर्भ-तारीख ठरली, आणि तीत सर्व जातींची नोंद होणार असे जाहीर झाले. १९३१ नंतरचा जातीचा रकाना उघडतो म्हणून आपल्या समाजात उत्साह आहे, आणि तो योग्यच आहे. परंतु जातीचे नाव अभिमानाने सांगणाऱ्या मुखाने, प्रगणक घरातील माणसांच्या अडचणींविषयी विचारील तेव्हा, मागच्या खोलीतील माणसाचेही नाव तितक्याच स्पष्टपणे सांगावे. दारी येणारा प्रगणक बहुधा माझ्यासारखाच एखादा शिक्षक असेल. त्याला शून्य मांडण्याचा मोह होऊ देऊ नका.

बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात, जात्यावर त्यांच्या तोंडून ओव्या निघाल्या. घरच्या मुलाने व भावाने कागदावर उतरविल्या, आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने त्या ग्रंथरूप झाल्या. लिहिल्या म्हणून राहिल्या. न लिहिलेल्या किती गेल्या, त्याची गणती नाही. त्यांचा मृत्यू ३ डिसेंबर १९५१ चा. पुढे १९९२ साली संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय अपंग दिन म्हणून नेमकी हीच तारीख ठरविली. हा निव्वळ योगायोग आहे; पण असोद्याच्या मनुष्याने तो विसरू नये. त्या दिवशी माउलीच्या प्रतिमेस हार घालताना ओंकारचीही आठवण व्हावी, आणि ज्यांच्या घरी असे कोणी आहे त्यांनी त्याच दिवशी मंडळाच्या कार्यालयात येऊन नाव लिहवावे, इतकीच ह्या वृद्ध शिक्षकाची विनंती आहे. लिहून घ्यावयास मी स्वतः बसेन.